पोस्टग्रेस १६ टाकलं, तरी सर्व्हर म्हणतोय १२च

गवळीवाडा_आयटी | सोमवार, दुपारी १२:१०

नमस्कार मंडळी. तालुक्यातल्या दूध संस्थांच्या संकलनाचा डेटा आमच्या एका सर्व्हरवर येतो. लिटर, फॅट, एसएनएफ, दर, कपाती, दहा दिवसांची बिलं, सगळं पोस्टग्रेस या डेटाबेसमध्ये. सर्व्हरवर उबुंटू लिनक्स २०.०४ आणि पोस्टग्रेस १२ होतं. ऑडिटमध्ये शेरा पडला की १२चा सपोर्ट नोव्हेंबर २०२४मध्येच संपलाय, अपग्रेड करा आणि नव्या आवृत्तीचा स्क्रीनशॉट जोडा.

म्हणून आधी मशीन उबुंटू २२.०४वर नेलं. मग पोस्टग्रेसवाल्यांची स्वतःची अ‍ॅप्ट रिपॉझिटरी (पॅकेजं जिथून उतरतात ते भांडार) जोडली आणि पोस्टग्रेसक्यूएल-१६ इन्स्टॉल केलं. एकही एरर नाही. आता दिसतंय ते असं (कमांडी देवनागरीत उतरवल्यात, समजून घ्या):

पीएसक्यूएल --व्हर्जन : १६.९
सिलेक्ट व्हर्जन(), : पोस्टग्रेसक्यूएल १२.२२ (उबुंटू १२.२२-०उबुंटू०.२०.०४...)
आमच्या सॉफ्टवेअरचं 'माहिती' पान : १२.२२

सर्व्हिस रीस्टार्ट झाली, मशीन रीबूट झालं, १६चं पॅकेज काढून परत टाकून झालं. ढिम्म फरक नाही. ऑडिटरला पाठवू काय?

खटपट्या | १२:२५

माहिती पान कॅशेमधून येत असेल. कंट्रोल-एफ५ मारून बघ.

गवळीवाडा_आयटी | १२:३१

टर्मिनलवर पण १२च येतंय की दादा. तिथे कुठला कॅशे?

अण्णा_टर्मिनल | १२:५०

रीइन्स्टॉल थांबव आधी. दोनच गोष्टी इथे टाक: पीजी_एलएसक्लस्टर्स या कमांडचा आउटपुट, आणि नुसतं पीएसक्यूएल उघडल्यावर येणारी पहिली ओळ, जशीच्या तशी.

गवळीवाडा_आयटी | दुपारी १:०५

घ्या अण्णा.

१२ मेन ५४३२ ऑनलाइन /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१२/मेन
१४ मेन ५४३३ ऑनलाइन /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१४/मेन
१६ मेन ५४३४ ऑनलाइन /व्हार/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१६/मेन

पहिली ओळ: पीएसक्यूएल (१६.९, सर्व्हर १२.२२)

हे १४ कुठून आलं? मी कधीच टाकलं नाही!

अण्णा_टर्मिनल | १:४०

तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या पहिल्या ओळीतच आहे. कंसातला पहिला आकडा क्लायंटचा, 'सर्व्हर'नंतरचा सर्व्हरचा. पीएसक्यूएल हा नुसता बोलणारा प्रोग्राम, तो १६चा झाला. उत्तर देणारा अजून १२चाच आहे. डेबियन-उबुंटूवर पीएसक्यूएल म्हणून जे चालतं ते मुळात एक रॅपर (खऱ्या प्रोग्रामला हाक मारणारं आवरण) असतं, आणि मशीनवरच्या पीएसक्यूएलपैकी सगळ्यात नवीन तो उचलतो. त्यामुळे पीएसक्यूएल --व्हर्जन बघून सर्व्हरबद्दल काहीही कळत नाही. ऑडिटरला तो स्क्रीनशॉट पाठवू नकोस, उगाच खोटं पडशील.

आता तीन क्लस्टर कसे झाले ते. इथे क्लस्टर म्हणजे एक डेटा डिरेक्टरी आणि तिच्यावर चालणारा एक सर्व्हर, बाकी काही नाही. डेबियन-उबुंटूमध्ये पोस्टग्रेसच्या दोन मोठ्या आवृत्त्या शेजारी शेजारी नांदतात. नवी टाकली की ती जुनीला हात लावत नाही. स्वतःसाठी नवा रिकामा 'मेन' क्लस्टर तयार करते, ५४३२ अडलेला असतो म्हणून पुढचा मोकळा पोर्ट घेते आणि चालू होते. शेजारी नवं घर बांधून तयार, पण माणसं आणि सामान जुन्याच घरात, असा प्रकार. २२.०४ची आपली आवृत्ती १४, म्हणून ओएस अपग्रेडच्या वेळी १४ आलं आणि ५४३३वर बसलं. तू १६ टाकलंस, ते ५४३४वर. तुझं सॉफ्टवेअर लोकलहोस्ट ५४३२ला जोडतंय आणि तिथे इमानेइतबारे १२ चालू आहे.

तुझ्या सिलेक्ट व्हर्जनच्या उत्तरात शेवटी '२०.०४' आहे बघ. मशीन २२.०४ झालं तरी हे पॅकेज जुन्या ओएसच्या वेळचंच आहे, हे तिथेच लिहिलेलं असतं. लोक ती शेपटी वाचत नाहीत.

खात्रीच करायची तर ५४३२ला जोडून शो डेटा_डिरेक्टरी, विचार. मग त्या फोल्डरमधली पीजी_व्हर्जन नावाची फाइल कॅट करून बघ. तिच्यात एकच आकडा असतो. तुझ्याकडे १२ असेल.

गवळीवाडा_आयटी | १:५२

१२च आहे 😐

खटपट्या | १:५५

मग सोपं आहे. सॉफ्टवेअरच्या कॉन्फिगमध्ये ५४३२चं ५४३४ कर, झालं १६!

अण्णा_टर्मिनल | २:०३

अजिबात नको. ५४३४वर डेटा कुठाय? नशीब चांगलं असेल तर 'असा डेटाबेसच नाही' असा फेटल एरर येईल आणि गाडी तिथेच थांबेल. पण सॉफ्टवेअर सुरू होताना स्वतःच टेबलं बनवणारं असेल, तर ते रिकामी टेबलं बनवून खुशाल चालू होईल आणि संध्याकाळचं संकलन तिकडे पडायला लागेल. मग सकाळचं दूध १२मध्ये, संध्याकाळचं १६मध्ये, आणि दहाव्या दिवशी बिल काढताना दोन्हीकडचे आकडे हाताने जुळवत बसा. हा प्रकार मी निस्तरलेला आहे, दुसऱ्याच्या सर्व्हरवर. कुणावर येऊ नये.

मीनल_एसक्यूएल | २:२०

पोस्टग्रेस फारसं येत नाही, पण एसक्यूएल सर्व्हरमध्येही हाच घोळ पाहिलाय. २०२२ इन्स्टॉल करताना 'अपग्रेड' न निवडता 'नवीन इन्स्टन्स' निवडला जातो, मग २०१९चा इन्स्टन्स तसाच चालू. मॅनेजमेंट स्टुडिओच्या अबाउटमधला आकडा बघून लोक खूश होतात, तो तर स्टुडिओचा असतो. आणि खरंच अपग्रेड झालं तरी डेटाबेसची कम्पॅटिबिलिटी लेव्हल १५०वरच राहते, ती आपण १६० करायची असते. पोस्टग्रेसमध्ये असं काही असतं का?

अण्णा_टर्मिनल | २:२८

तसली लेव्हल नसते. पण एक्स्टेन्शनची (डेटाबेसला वरून जोडलेल्या जादा सोयीची) आवृत्ती वेगळी असते, ती मागे राहू शकते. पुढे येईलच.

कोकणकडा_२ | २:३५

विंडोजवाल्यांसाठी लिहून ठेवतो. तिथेही अगदी हेच. इन्स्टॉलर प्रोग्राम फाइल्समध्ये १२ आणि १६ असे दोन वेगळे फोल्डर करतो, सर्व्हिसेसमध्ये पोस्टग्रेसक्यूएल-एक्स६४-१२ आणि -१६ अशा दोन सर्व्हिस दिसतात, आणि ५४३२ आधीच वापरात असेल तर नव्याला ५४३३ सुचवतो. आपण नेक्स्ट-नेक्स्ट करत जातो. पीजीअ‍ॅडमिनमधली जुनी नोंद ५४३२चीच असते, त्यामुळे तिथे १२ दिसत राहतं. वर पाथ व्हेरिएबलमध्ये जुना बिन फोल्डर आधी असला, तर कमांड प्रॉम्प्टवर पीएसक्यूएलही १२चंच येतं. म्हणजे गवळीवाड्याच्या बरोबर उलटी फसगत.

गवळीवाडा_आयटी | २:५०

समजलं अण्णा. पण एक कळत नाही. १६ला १२ची डेटा डिरेक्टरी का देता येत नाही? १२.२१चं १२.२२ झालं तेव्हा तर काहीच करावं लागलं नव्हतं, अ‍ॅप्ट अपग्रेड आणि झालं.

अण्णा_टर्मिनल | ३:१०

पोस्टग्रेस १०पासून (२०१७) पहिला आकडा म्हणजे मोठी आवृत्ती, टिंबानंतरचा म्हणजे दुरुस्ती. त्याआधी ९.५, ९.६ या दोन वेगळ्या मोठ्या आवृत्त्या धरल्या जायच्या, त्यामुळे जुन्या लोकांचा अजून गोंधळ होतो. दुरुस्तीत डिस्कवरच्या फाइलींची रचना बदलत नाही, म्हणून नुसता प्रोग्राम बदलून रीस्टार्ट केलं की पुरतं. मोठ्या आवृत्तीत सिस्टिम कॅटलॉग बदलतात, म्हणजे कुठलं टेबल, कुठला कॉलम, कुठला प्रकार हे ज्या आतल्या टेबलांत लिहिलेलं असतं त्यांचीच मांडणी बदलते. १६ला १२ची डिरेक्टरी दिली तर ते सुरूच होत नाही, 'ही डिरेक्टरी १२ने तयार केली आहे, जुळत नाही' म्हणून लॉगमध्ये लिहून बंद पडतं. डॉकरवाल्यांना (प्रोग्राम कंटेनर नावाच्या डब्यात चालवणाऱ्यांना) हा एरर तोंडपाठ असेल. इमेजचा टॅग १२चा १६ करतात, व्हॉल्यूम तोच ठेवतात आणि कंटेनर उठत नाही.

निशाचर | रात्री ११:४०

डॉकरमध्ये दुसरंही होतं. कम्पोज फाइलमध्ये टॅग बदलायचा आणि डॉकर रीस्टार्ट करायचं. रीस्टार्ट म्हणजे तोच जुना कंटेनर पुन्हा चालू, इमेज बदलतच नाही. अप -डी केल्याशिवाय नवा कंटेनर बनत नाही.

मूळ प्रश्नाबद्दल: भाऊ, पीजी_अपग्रेडक्लस्टर वापर, -एम अपग्रेड आणि -के लावून. फाइली कॉपी न करता हार्डलिंक करतो. किती का जीबी असेना, काही मिनिटांत मोकळा. डंप-रिस्टोअर (सगळा डेटा बाहेर काढून नव्यात परत भरणं) करत बसलास तर संध्याकाळचं संकलन चुकेल.

गवळीवाडा_आयटी | मंगळवार, सकाळी ९:१५

डेटा चाळीसेक जीबी आहे. डिस्कवर त्याच्या दुप्पट तरी मोकळी आहे. सकाळचं संकलन नऊपर्यंत आवरतं, टँकर साडेनऊला सुटतो. संध्याकाळचं पाचला चालू. म्हणजे अकरा ते चार हातात आहे. त्यातही संकलन केंद्रावरची मशीनं नोंद आपल्याकडे धरून ठेवतात आणि सर्व्हर आला की पाठवतात, त्यामुळे थोडं इकडेतिकडे झालं तर आभाळ कोसळणार नाही. फक्त बिलाचा दिवस टाळायचाय.

अण्णा_टर्मिनल | ९:४०

चाळीस जीबी आणि पाच तास? मग डंपच. पीजी_अपग्रेडक्लस्टर काही न सांगता चालवलास तर तो डंप-रिस्टोअरच करतो, आणि तुझ्या बाबतीत तेच बरं. दोन कारणं.

पहिलं, परत फिरायची वाट. हार्डलिंकमध्ये जुन्या आणि नव्या क्लस्टरच्या फाइली एकच असतात. नवा एकदा चालू झाला की जुना चालवायचा नाही, विषय संपला. डंपमध्ये जुना १२ जसाच्या तसा बाजूला पडून राहतो.

दुसरं कारण लोक विसरतात. तू ओएस बदललीस. २०.०४ची ग्लिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) २.३१, २२.०४ची २.३५. मजकुराचा क्रम लावायचे नियम पोस्टग्रेस ग्लिबसीकडून घेतं आणि इंडेक्स (पटकन शोधायच्या सूची) त्या क्रमाने बांधलेले असतात. सगळ्यात मोठा दणका २.२८ला बसला होता, त्यामानाने हा बदल लहान. तरी उत्पादकांची नावं देवनागरीत असतील आणि त्यावर इंडेक्स असेल, तर तो जुन्या नियमांचा इंडेक्स तसाच नव्यात नेण्यात अर्थ नाही. डंप-रिस्टोअरमध्ये सगळे इंडेक्स नव्याने बांधले जातात. हार्डलिंकने नेलंस तर रीइंडेक्स स्वतः करावं लागेल, मग वाचलेला वेळ तिथेच गेला.

निशाचर | १०:०२

इंडेक्सचा मुद्दा मान्य. माझ्याकडे दोन टीबी आहे अण्णा, मला डंप परवडत नाही, म्हणून सवयीने लिंक सांगितलं. चाळीस जीबीला डंप ठीक.

अण्णा_टर्मिनल | १०:२०

दोन टीबीला मीही लिंकच करीन, आधी डिस्कचा स्नॅपशॉट घेऊन.

गवळीवाडा, क्रम असा. सॉफ्टवेअर बंद कर. पीजी_डंपऑल घेऊन दुसऱ्या मशीनवर ठेव. मग:

सुडो -यू पोस्टग्रेस पीएसक्यूएल -पी ५४३४ -एल

यात फक्त पोस्टग्रेस, टेम्प्लेट० आणि टेम्प्लेट१ दिसले पाहिजेत. चौथं काही दिसलं तर थांब आणि इथे विचार. नसेल तर तो रिकामा १६ काढायचा:

सुडो पीजी_ड्रॉपक्लस्टर १६ मेन --स्टॉप

हे न करता अपग्रेड चालवलंस तर 'टार्गेट क्लस्टर १६/मेन आधीच आहे' म्हणून नकार मिळतो. पण ही कमांड टाइप करताना आकडा मोठ्याने वाच. ड्रॉपक्लस्टर 'नक्की का?' असं विचारत नाही. १६च्या जागी १२ पडलं तर डेटा आणि कॉन्फिग दोन्ही गेलं, रिसायकल बिन वगैरे काही नाही. मग:

सुडो पीजी_अपग्रेडक्लस्टर -व्ही १६ १२ मेन

-व्ही दिलं नाहीस तर मशीनवरच्या सगळ्यात नव्या आवृत्तीवर नेतो. तुझ्याकडे आज ती १६च आहे, तरी द्यायची सवय ठेव. चालू असताना बाहेरच्या कनेक्शनना तो स्वतःच मज्जाव करतो. संपल्यावर नव्याला ५४३२ देतो, जुन्याला दुसरा पोर्ट देऊन 'मॅन्युअल' करून ठेवतो, म्हणजे रीबूटनंतर जुना आपोआप उठत नाही. पीजी_एचबीए (कुणाला जोडू द्यायचं ती फाइल) आणि बाकी कॉन्फिगही घेऊन जातो. सॉफ्टवेअरमध्ये एक अक्षर बदलायचं नाही.

सांजवारा | १०:४५

क्लाउडवाल्यांचंही एक सांगते. आरडीएसवर (अमेझॉनची डेटाबेस सेवा) कन्सोलमधून आवृत्ती बदलली, सेव्ह झालं, तरी इंजिन व्हर्जन जुनंच. आमच्याकडे एकाने त्यावर सपोर्ट तिकीटही टाकलं होतं. 'लगेच लागू करा' निवडलं नाही तर बदल पुढच्या मेन्टेनन्स विंडोपर्यंत थांबून राहतो. पेंडिंग म्हणून तिथेच लिहिलेलं असतं.

पेठकर | ११:३०

हे सगळं वाचून मारियाडीबीची (मायएसक्यूएलमधून निघालेला डेटाबेस) आठवण आली. १०च्या मालिकेत सर्व्हर कनेक्शनच्या वेळी स्वतःची आवृत्ती '५.५.५-१०.६...' अशी सांगायचा. मायएसक्यूएलशी रेप्लिकेशन जुळावं म्हणून मुद्दाम लावलेला उपसर्ग तो. पण ज्या पीएचपी कोडने पहिले तीन आकडे उचलले, त्याला सर्व्हर ५.५.५ वाटायचा आणि तो 'डेटाबेस जुना आहे' म्हणून अडून बसायचा. ११पासून तो उपसर्ग गेला. आणि मायएसक्यूएल --व्हर्जनला येणारं 'व्हर १५.१' हा क्लायंट प्रोग्रामचा आकडा, खरा आकडा 'डिस्ट्रिब' शब्दानंतर असतो. त्या १५.१वरून एका ग्राहकाने मला विचारलं होतं की एवढी पुढची आवृत्ती तुम्ही आणली कुठून!

खटपट्या | ११:३४

😂 सांगायचं ना, आपली ओळख आहे वर.

गवळीवाडा_आयटी | दुपारी ३:२०

झालं! दीड-पावणेदोन तास घेतले. आताचा आउटपुट:

१२ मेन ५४३४ डाउन
१४ मेन ५४३३ ऑनलाइन
१६ मेन ५४३२ ऑनलाइन

सिलेक्ट व्हर्जन १६.९ म्हणतंय. माहिती पानही १६.९. दोन संस्थांची कालची संध्याकाळची बेरीज जुन्या रिपोर्टशी ताडून बघितली, लिटर आणि रक्कम दोन्ही पैशापर्यंत जुळतात. स्क्रीनशॉट पाठवला. अण्णा, पुढच्या वेळी गावाकडे आलात की खरवस माझ्याकडून.

अण्णा_टर्मिनल | ३:४५

खरवस घेईन. आधी उद्या सकाळी रात्रीच्या बॅकअपची फाइल बघ. तारीख बघू नकोस, साइज बघ.

गवळीवाडा_आयटी | बुधवार, सकाळी ८:०५

अण्णा तुम्ही काय कॅमेरा लावलाय का आमच्याकडे? बॅकअप फाइल २० बाइटची आहे. परवा रात्रीपर्यंत सहा जीबीच्या आसपास असायची.

निशाचर | ८:२०

२० बाइट म्हणजे रिकाम्या इनपुटचं जीझिप. स्क्रिप्टमध्ये पीजी_डंपचा पूर्ण पाथ आहे का, /यूएसआर/लिब/पोस्टग्रेसक्यूएल/१२/बिन वाला?

गवळीवाडा_आयटी | ८:२६

हो. आणि शेवटी २>/डेव्ह/नल (एरर फेकून देणारं) पण आहे. आधीच्या माणसाने लिहिलेली स्क्रिप्ट.

अण्णा_टर्मिनल | ८:५०

तेच. १२चा पीजी_डंप १६च्या सर्व्हरचा डंप घेत नाही, 'सर्व्हर आवृत्ती जुळत नाही' म्हणून बाहेर पडतो. उलटं चालतं: नवा पीजी_डंप जुन्या सर्व्हरवर चालतो. तो बाहेर पडला, पुढच्या पाइपला काहीच मिळालं नाही, जीझिपने रिकामी फाइल इमानदारीने बांधली आणि 'यशस्वी' म्हणून परतला. पाइपमध्ये निकाल शेवटच्या कमांडचा धरला जातो. त्यात एरर डेव्ह-नलमध्ये, म्हणजे क्रॉनचा (ठरल्या वेळी स्क्रिप्ट चालवणाऱ्याचा) मेलही नाही. आवृत्ती चुकीची दिसली तर निदान माणूस धागा तरी काढतो. हे मात्र डिस्क जाईपर्यंत कळलं नसतं.

स्क्रिप्टमध्ये पूर्ण पाथ काढून नुसतं पीजी_डंप --क्लस्टर १६/मेन कर. वर सेट -ओ पाइपफेल टाक. डेव्ह-नल काढ. शेवटी फाइल अमुक साइजपेक्षा लहान असेल तर ओरडेल अशी एक ओळ. आणि आत्ता लगेच हाताने एक बॅकअप घे, रात्रीची वाट बघू नकोस. मशीनवर अजून कुठे '१२' पुरलेला आहे का तेही बघ: ग्रेप -आर 'पोस्टग्रेसक्यूएल/१२' /ईटीसी /ऑप्ट /होम. लॉग फिरवणाऱ्या आणि मॉनिटरिंगच्या स्क्रिप्टमध्ये हमखास निघतो.

गवळीवाडा_आयटी | ११:१०

बॅकअप घेतला, दुसऱ्या मशीनवर रिस्टोअरही करून बघितला. ग्रेपमध्ये मॉनिटरिंगची एक स्क्रिप्ट सापडली, ती १२च्या लॉग फाइलवर डोळा ठेवून बसली होती. तिला सगळं शांत शांतच दिसलं असतं!

अजून एक. जिल्ह्याच्या रिपोर्टसाठी नवीन युजर काढला, तर रिपोर्टचा जुना जावा प्रोग्राम म्हणतो 'ऑथेंटिकेशन टाइप १० सपोर्टेड नाही'. जुने युजर मात्र त्याच प्रोग्राममधून व्यवस्थित जातायत.

निशाचर | ११:२५

१४पासून नवे पासवर्ड स्क्रॅम-शा-२५६ने साठवले जातात. जुने युजर एमडी५चे हॅश घेऊन आलेत म्हणून ते चालतात. तुझा जेडीबीसी ड्रायव्हर (जावाला डेटाबेसशी जोडणारा) ४२.२.०च्या आधीचा असणार, त्याला स्क्रॅम कळत नाही. ड्रायव्हरची जार बदल, तेवढंच. सर्व्हरवर एमडी५ परत चालू करायचा मोह टाळ, नाहीतर पुढच्या ऑडिटला तोच शेरा.

मीनल_एसक्यूएल | ११:५०

आणि त्या एक्स्टेन्शनचं काय राहिलं?

अण्णा_टर्मिनल | दुपारी १२:१५

बरी आठवण केलीस ताई. पीएसक्यूएलमध्ये \डीएक्स केलं की प्रत्येक एक्स्टेन्शनची आवृत्ती दिसते. पीजी_स्टॅट_स्टेटमेंट्स घे, १२बरोबर १.७ येतं, १६बरोबर १.१०. डंपने नेलं तर क्रिएट एक्स्टेन्शन नव्याने चालतं, म्हणून नवीच आवृत्ती बसते. लिंकने किंवा पीजी_अपग्रेडने नेलं तर १.७च राहते, आणि मग ऑल्टर एक्स्टेन्शन ... अपडेट, डेटाबेसागणिक चालवावं लागतं. पोस्टजीआयएस असेल तर पोस्टजीआयएस_फुल_व्हर्जन() विचारायचं, मागे राहिलं असेल तर ते स्वतःच सांगतं.

लिंकवाल्यांना आणखी एक काम: १८च्या आधीच्या आवृत्त्यांवर नेताना पीजी_अपग्रेड प्लॅनरची (क्वेरी कशी चालवायची ते ठरवणाऱ्या भागाची) आकडेवारी सोबत नेत नाही. व्हॅक्यूमडीबी --ऑल --अ‍ॅनालाइझ-इन-स्टेजेस चालवलं नाही तर साधे रिपोर्ट रांगायला लागतात आणि सगळे म्हणतात 'नवी आवृत्तीच हळू आहे'.

गवळीवाडा_आयटी | शनिवार, सकाळी १०:३०

वर आणतोय धागा. काल बिलं निघाली, सगळी बरोबर. म्हणून आज १२ आणि १४ काढायचं ठरवलं. १४वर कुणी जोडलेलं नाही हे पीजी_स्टॅट_अ‍ॅक्टिव्हिटीत बघितलं, डेटाबेसची यादीही रिकामी. दोन्ही ड्रॉप केले, आकडे मोठ्याने वाचून 😄 मग सहज अ‍ॅप्ट अपग्रेड केलं, आणि बघतो तर:

१६ मेन ५४३२ ऑनलाइन
१७ मेन ५४३३ ऑनलाइन

आता हे १७ कोणी मागवलं?

अण्णा_टर्मिनल | १०:५५

तुझ्या मशीनवर 'पोस्टग्रेसक्यूएल' नावाचं, पुढे आकडा नसलेलं मेटापॅकेज आहे. त्याच्यात स्वतःचं काही नसतं, ते फक्त 'सध्याची आवृत्ती' ओढून आणतं. उबुंटूच्या रिपॉझिटरीत ती १४ होती. तू पोस्टग्रेसवाल्यांची रिपॉझिटरी जोडलीस, तिथे ती १७ निघाली. १६ चालतंय, त्याला काही झालेलं नाही. १७चा रिकामा क्लस्टर ड्रॉप कर, पोस्टग्रेसक्यूएल-१७ आणि ते मेटापॅकेज काढ, आणि अ‍ॅप्ट-मार्क मॅन्युअल पोस्टग्रेसक्यूएल-१६ करून ठेव.

काढताना अ‍ॅप्ट जी यादी दाखवतो ती वाचून मगच वाय दाब.

गवळीवाडा_आयटी | ११:१२

यादीत १७ आणि मेटापॅकेज, बाकी कुणी नाही. वाय दाबलं. पीजी_एलएसक्लस्टर्समध्ये आता एकच ओळ आहे.

खटपट्या | ११:१५

अण्णा, खरवसात माझा वाटा?